गाळणं वेगळं, आंबवणं वेगळं

"हातभट्टीला वीज जोडली म्हणून ती काय लग्नातली चहाची टाकी होते का रे?"

यवतच्या काळभैरवनाथाच्या देवळाबाहेर, कट्ट्यावर, आमच्या गुरुजींनी हा सवाल टाकला आणि सगळा कट्टा हसला. मीही हसलो, कारण सवाल फक्कड होता. तो होता मात्र मलाच. माझा पुतण्या आठ वर्षं मेलबर्नला राहून पुण्यात परतला. त्याच्या सामानात स्टीलचं एक उभट भांडं होतं. पस्तीस लिटरचं, बुडाशी विजेची कॉइल, बाजूला तापमानाचे आकडे दाखवणारी पट्टी. घरी बीअर करायचं यंत्र. फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून ते यवतला आमच्या माळ्यावर आलं, आणि माळ्यावरची वस्तू गावात कधी लपत नाही.

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला पोलीस पाटलाची आठवण यायला नको. त्या भांड्यात यवतमध्ये बीअरचा एक थेंब झालेला नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती करणं गुन्हा आहे आणि मी कायदा पाळतो. पण पाळावा लागतो तो प्रत्येक कायदा बरोबरच असतो, असं मला शाळेत कुणी शिकवलं नाही. आणि मला पाचवीला शिकवायला गुरुजीच होते.

त्या संध्याकाळी गुरुजींनी पाच मुद्दे मांडले. हे विष आहे. हे विजेचं जोखमीचं काम आहे. पालखीच्या गावाला हे शोभत नाही. यानं घरं बुडतील. आणि परवानगी दिलीच, तर लक्ष ठेवणार कोण? मला जेमतेम दोन मुद्द्यांवर तोंड उघडता आलं, बाकीच्या वेळी हशा आडवा आला. म्हणून हे लेखी उत्तर.

विषाच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे चार त्याच्याच खांद्यावर उभे आहेत. गुरुजी, तुम्ही मराठी शिकवायचात. दारू आपण काय करतो? गाळतो. ताडी काढतो. इडलीचं पीठ आंबवतो. आपल्या आज्यांनी ही क्रियापदं उगीच वेगळी ठेवली नाहीत. गाळणं म्हणजे आधी आंबवलेलं पाणी पुन्हा उकळायचं, त्याची वाफ नळीत धरायची आणि ती गार करून थेंबाथेंबानं जमवायची. त्यात मद्यार्क एकवटतो, आणि त्याबरोबर जे काही नको ते असेल तेही एकवटू शकतं. आंबवण्यात असलं काही नाही. गोड पाण्यात यीस्ट पडतं, साखर खातं, मद्यार्क आणि वायू सोडतं, साखर संपली की गप्प बसतं. साध्या बीअरमध्ये हा हिशेब चार-पाच टक्क्यांवर थांबतो. बीअर उकळतात जरूर, पण आंबवण्याच्या आधी, मद्यार्काचा थेंबही नसताना. नंतर तिला कुणी चूल दाखवत नाही. बीअर करताना वाफ धरून गाळणं कुठेच येत नाही.

तुम्ही विक्रोळी आणि मालवणीची नावं घेतलीत. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं माणसं मेली. एकट्या मालवणीत शंभरावर. तो आकडा ऐकला की अजून घशाला कोरड पडते. पण ती माणसं आंबवलेल्या धान्यानं मेली नाहीत. ती मिथेनॉलनं मेली, म्हणजे कारखान्यात लागणाऱ्या, बाजारात स्वस्त मिळणाऱ्या, पिण्याच्या दारूत मिसळलेल्या रसायनानं. मिसळणाऱ्याला ते गिऱ्हाईकाला विकायचं होतं. सातूच्या बीअरमध्ये मिथेनॉल तयार होतं ते नगण्य, आणि गाळत नसल्यामुळे ते कुठे गोळाही होत नाही. घरची बीअर बिघडते ती आंबट होते, व्हिनेगरसारखी नाकात जाते, करणारा तोंड वाकडं करतो आणि मोरीत ओततो. स्वतःच्या जावयाला जे पाजायचं आहे त्यात मिथेनॉल टाकणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. विष विक्रीतून येतं आणि चोरीतून येतं, आणि म्हणून हातभट्टीवर धाड पडलीच पाहिजे. पण त्या धाडीच्या यादीत सातूचं पाणी ऊन करणारं भांडं कसं आलं, हे मला समजावून सांगा.

आता ते भांडं. तुम्ही ते पाहिलंत माळ्यावर, पालथं, जुन्या गोधडीखाली. मी ते चालताना पाहिलंय, मेलबर्नला पुतण्याच्या गॅरेजमध्ये. आणि खरं सांगू? मला तिथं आपलं गुऱ्हाळ दिसलं.

सकाळी त्यानं वीस-बावीस लिटर पाणी भरलं आणि बटण दाबलं. पाणी सदुसष्ट-अडुसष्ट अंशांवर गेल्यावर जाळीच्या बुडाचा आतला डबा उतरवून त्यात पाच किलो भरडलेलं माल्ट हळूहळू सोडलं. माल्ट म्हणजे काय, तर सातू भिजवून, मोड आणून, वाळवलेले. आपण तान्ह्या लेकराला नाचणीचं सत्त्व करतो ना, मोड आणून, वाळवून, दळून? तीच विद्या. मोड येताना दाण्यात जी पाचकं तयार होतात ती पिठाची साखर करतात. त्यासाठी त्यांना पासष्ट ते सदुसष्ट अंश लागतात, तासभर. जास्त तापलं तर पाचकं मरतात, फार गार राहिलं तर काम रेंगाळतं. तेवढ्यासाठीच ती वीज आणि ती आकड्यांची पट्टी. एक छोटा पंप खालचं पाणी वर आणून दाण्यांवर सोडत राहतो. गॅरेजभर ओल्या भुश्श्याचा, गोडसर, दळणाच्या गिरणीत येतो तसा वास होता.

तासानं त्यानं डबा वर उचलून आडव्या तारेवर टेकवला, चोथा निथळू दिला, वरून थोडं ऊन पाणी फिरवलं आणि खालचा गोड रस उकळायला लावला. उकळी फुटताना वर तपकिरी फेस चढला, आणि माझा हात आपोआप झाऱ्याकडे गेला. "काका, काय शोधताय?" त्यानं विचारलं. मी मळी काढायला झारा शोधत होतो. वडिलांच्या गुऱ्हाळात तेच तर केलं होतं लहानपणी. काहिलीत रस तापला की चुना, मग भेंडीच्या खोडाचं चिकट पाणी, त्यात अडकून वर येणारी मळी, ती झाऱ्यानं ओढायची, फेस उतू जायला लागला की तेलाचा थेंब. गुळव्या तापमान मोजत नसे. कढलेल्या रसाचा थेंब पाण्यात टाकायचा, बोटांत त्याची गोळी वळायची आणि ओरडायचा, "उतरा!" मग चार माणसं काहील ओढून रस वाफ्यात ओतायची. पुतण्याकडे गुळव्याच्या बोटांचं काम त्या पट्टीवरचे आकडे करत होते आणि चुलवाणात चिपाड सारणाऱ्याचं काम ती कॉइल. फरक एकच: आमचं आदण शेकडो लिटर रसाचं आणि विकायला, त्याचं वीस लिटरचं आणि घरात.

उकळीच्या तासात त्यानं हॉप्सच्या फुलांची चिमूट सुरुवातीला टाकली कडूपणासाठी आणि शेवटी टाकली वासासाठी. मग तांब्याच्या वेटोळ्यातून गार पाणी फिरवून रस वीस अंशांवर आणला, झाकणाच्या डब्यात ओतला, यीस्ट टाकलं आणि तो डबा जुन्या फ्रिजमध्ये ठेवून दिला. प्यायला मिळालं साडेतीन आठवड्यांनी. मी तोवर परत आलो होतो. गुरुजी, ज्याला आज झिंगायचंय त्याच्यासाठी हे यंत्र नाही. त्याला माल्ट धुंडाळायचं, भांडी निर्जंतुक करायची, चोवीस दिवस थांबायचं आणि वर वीजबिल भरायचं. तो माणूस रस्ता ओलांडून दुकानात जाईल.

दुसरा मुद्दा विजेचा. इथं मी तुमच्या बाजूला दोन पावलं येतो. दोन हजार वॅटची कॉइल दोनशेतीस व्होल्टवर नऊएक अँपिअर ओढते, म्हणजे गिझरइतकी. हे काम मोबाइलच्या चार्जरशेजारच्या छोट्या प्लगवर आणि बाजारातून आणलेल्या एक्स्टेंशन बोर्डावर करणारा माणूस घर पेटवून घेईल. सोळा अँपिअरचा वेगळा प्लग, जाड वायर, खरीखुरी अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरवर तुटणारा आरसीसीबी हवाच, कारण इथं पाणी सांडतं, हात ओले असतात आणि अंगावर स्टील असतं. आपल्याकडे किती घरांत अर्थिंगची वायर भिंतीत जाऊन कुठेच संपत नाही, हे वायरमनला विचारा. कॉइल पाण्याबाहेर कोरडी चालवली की जळते, आणि बुडाशी पीठ चिकटलं की रस करपतो. करपलेला गूळ आपल्याला माहीत आहे, करपलेली बीअर त्याचीच बहीण.

शिवाय आपली वीज. दोनशेतीस व्होल्ट हे कागदावर. संध्याकाळी गावात दिवे पिवळे पडतात तेव्हा एकशेऐंशी येतात. व्होल्टेज इतकं उतरलं की कॉइलची ताकद त्याच्या वर्गाच्या हिशेबानं पडते. दोन हजार वॅटचं यंत्र बाराशेच्या आसपास येतं आणि अर्ध्या तासाचं काम पाऊण-एक तासावर जातं. मधेच वीज गेलीच तर माल्टच्या तासाला भांड्यावर गोधडी टाकून निभतं, पण उकळीच्या वेळी गेली तर हात चोळत बसायचं. पाण्याचंही तसंच. रस गार करायला रसाच्या दुप्पट-तिप्पट पाणी नुसतं वाहून जातं. उन्हाळ्यात कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसणाऱ्या गावात ते गोठ्यात किंवा टाकीत वळवलं नाही तर शरमेची गोष्ट आहे. ऑस्ट्रेलियातले लोक दुष्काळात रस गरमच जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून रात्रभर आपोआप निवू देतात. आणि बाटलीत भरताना लिटरला सहा-सात ग्रॅमपेक्षा फार जास्त साखर टाकणाऱ्याच्या बाटल्या रात्री फटाक्यासारख्या फुटू शकतात.

ही सगळी जोखीम खरी. पण हिचं नाव निष्काळजीपणा आहे, आणि तो गिझरलाही लागतो, प्रेशर कुकरलाही, विहिरीवरच्या मोटरीलाही. मोटरीच्या स्टार्टरला चिकटून आपल्या तालुक्यात माणसं गेलीत. आपण मोटरीवर बंदी मागितली नाही. अर्थिंग मागितली.

तिसरा मुद्दा पालखीचा, आणि तो तुम्ही आवाज खाली आणून बोललात म्हणून मीही तसाच बोलतो. तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून निघून यवतला मुक्कामाला येते. त्या रात्री सगळं गाव पिठलं ढवळतं आणि घराघरातून भाकऱ्या येतात. त्या गावात बीअर? तुमच्या तोंडून हा शब्द खाली पडला तसा ऐकू आला.

पण गुरुजी, पालखी ज्या रस्त्यानं येते तो पुणे-सोलापूर महामार्ग. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं महामार्गालगतच्या पाचशे मीटरमध्ये दारूविक्री नको म्हणून निकाल दिला. पुढच्या एप्रिलपासून परवान्याची दुकानं बंद झाली, आणि नंतर नियम एकेक करून सैल होत गेला तशी उघडली. या सगळ्यात एकाही दारूड्याची दारू सुटल्याचं मला माहीत नाही. सोवळं अंतरावर मोजायचं की माणसावर, हा प्रश्न आहे.

आणि घरातल्या कपाटाचं काय? तुमच्या घरी द्राक्षासव आहे, आमच्या घरी दशमूलारिष्ट. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: स्वयंनिर्मित मद्यार्क, पाच ते दहा टक्के. आसव-अरिष्ट आंबवूनच होतं, आणि त्यातला मद्यार्क बीअरपेक्षा कमी नाही, बहुधा जास्तच. ते औषध आहे, दोन चमचे घेतात, हे मला मान्य. म्हणजे मापाचा आणि हेतूचा फरक तुम्हालाही मान्य आहे. महामार्गावर सकाळी नीरा पितो आपण, सरकारमान्य केंद्रावर. तीच नीरा उन्हात ठेवली की दुपारपर्यंत ताडी होते. आंबणं कुणाच्या परवानगीसाठी थांबत नाही, म्हणून तर त्याला सरसकट पाप ठरवणं अवघड जातं.

आता जी गोष्ट कट्ट्यावर बोललो नाही ती बोलतो. आमच्या गुऱ्हाळात कधीकधी आदण बिघडायचं. ऊस खराब, नाहीतर गुळव्याची गोळी चुकलेली. ढेप काळी, चिकट, बाजारात भाव नाही. अशा ढेपांसाठी एक टेम्पो यायचा, अंधार पडल्यावर. माणूस वजन करायचा, रोख द्यायचा, जायचा. तो कुठं नेतो हे आम्ही विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मोठा झाल्यावर पेपरात वाचायला लागलो: अमुक ठिकाणी धाड, काळा गूळ आणि नवसागर जप्त, इतके लिटर कच्चं रसायन जागीच नष्ट. तेव्हा त्या टेम्पोचा पत्ता कळला. वडील माळकरी होते. हातभट्टीची खरी रसद आमच्यासारख्या प्रतिष्ठित घरांतून जात होती आणि कट्ट्यावर कुणी कधी म्हणालं नाही, की यवतची गुऱ्हाळं बंद करा. आपण शेतकरी ऊस कारखान्याला घालतो, कारखान्याची मळी आसवनीला जाते, तिचा मद्यार्क देशी दारूच्या बाटलीत बसतो, आणि उसाच्या दरासाठी आपण रास्ता रोको करतो. मी कुणाकडे बोट दाखवत नाही. हात माझेही चिकट आहेत. एवढंच म्हणतो, की या साखळीत सर्वांत निरुपद्रवी कडी कोणती हे शोधून तिलाच बेडी घालण्यात शहाणपण नाही.

संस्कृतीची साक्ष हवी असेल तर कौटिल्याची घ्या, तो काही ढिला माणूस नव्हता. अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं एक संपूर्ण प्रकरण आहे. ठरवलेल्या जागेखेरीज दुसरीकडे सुरा करणाऱ्याला, विकत घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सहाशे पण दंड. प्यायचं तर गुत्त्यात बसून, आणि तिथं कोण उधळपट्टी करतं यावर नजर ठेवायला हेर. आणि हाच कौटिल्य पुढे लिहितो, की कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करू द्यावं. उत्सव, मेळे, यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक द्यावी. ज्याला गुत्त्यातला हेर सुचला त्याला घरातला उंबराही दिसला. आपल्या कायद्याला तो दिसत नाही.

१९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो. त्याचं कलम ६५ मी पुन्हा पुन्हा वाचलंय. मादक द्रव्य तयार करणं गुन्हा, हे तर आहेच. त्याखाली आणखी एक पोटकलम आहे: मादक द्रव्य बनवण्यासाठी साहित्य, भट्टी, भांडं, अवजार किंवा उपकरण वापरणं, ठेवणं, जवळ बाळगणं, हाही गुन्हा. नदीकाठच्या झुडपातली पिंपं आणि गॅरेजमधलं स्टीलचं भांडं एकाच वाक्यात. गाळणं आणि आंबवणं, विकणं आणि पिणं, हजार लिटर आणि वीस लिटर, हा भेद त्या वाक्यात कुठेच नाही. हे वाक्य लिहिणारं सरकार संपूर्ण दारूबंदीचं होतं, तेव्हा ते त्याच्या जागी सुसंगत होतं. आज तेच सरकार पिणाऱ्याला आरोग्य टिकवण्यासाठी म्हणून पिण्याचा परवाना देतं. पुण्यात २००९ पासून हॉटेलातल्या हॉटेलात बीअर बनवून पाजायला मुभा आहे. डूलाली नावाच्या ब्रुअरीनं ती वाट पाडली आणि मग मुंढव्या-बाणेरपर्यंत तिचा रस्ता झाला. २०२५ च्या जूनमध्ये मंत्रिमंडळानं धान्यापासूनच्या मद्याचा 'महाराष्ट्र मेड लिकर' असा नवा प्रकारच मान्य केला. म्हणजे कारखान्यानं धान्याची दारू गाळली तर धोरण, हॉटेलानं बीअर केली तर परवाना, आणि माझ्या पुतण्यानं घरात वीस लिटर आंबवली तर कलम ६५. यात नीती कुठे आहे? यात भांडवल आहे.

बाहेर हा प्रश्न लोकांनी सोडवला तो साध्या रेषेनं. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बीअर करणाऱ्याला परवाना घ्यावा लागे. १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी तो काढून टाकला. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरच्या वापरासाठी बीअर करमुक्त झाली: एका प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन, म्हणजे पावणेचारशे लिटर, घरात दोन प्रौढ असतील तर दोनशे, विक्री बंद. तिथंही राज्याराज्यांनी आपापल्या गतीनं घेतलं, अलाबामा आणि मिसिसिपी तर २०१३ पर्यंत अडून होती. आणि दारू गाळणं मात्र या परवानगीत कधीच आलं नाही. मेलबर्नला पुतण्याच्या भांड्याला कुणी विचारलं नाही, पण त्याच गॅरेजात त्यानं परवान्याशिवाय दारू गाळली असती तर दारात अधिकारी आला असता. मी म्हणतोय तीच रेषा.

चौथा मुद्दा तुम्ही मांडलात आणि मग कुणीच हसलं नाही. "ज्या घरात बाप पितो, त्या घरात तू पस्तीस लिटरचं भांडं ठेवणार?"

गुरुजी, याला माझ्याकडे पुरं उत्तर नाही. बाटली दुकानात असली तर तिच्यात आणि माणसात निदान रस्ता असतो, खिसा असतो, शटरची वेळ असते. घरात असली तर उंबराही नसतो. माल्ट महाग आहे, तीन आठवडे थांबावं लागतं, व्यसनी माणूस या फंदात पडत नाही, हे सगळं खरं असूनही पुरेसं नाही. आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून, बाटली आडवी करून दुकानं बंद पाडलीत. त्या बायकांना कुणी रसायनशास्त्र समजावून सांगायला जाऊ नये. त्यांनी ते पाठीवर शिकलेलं आहे. म्हणून माझ्या मागणीत त्यांचाच शब्द शेवटचा आहे. घरी बीअर करण्याच्या नोंदणी अर्जावर त्या घरातल्या प्रत्येक प्रौढ बाईची सही हवी, आणि ती तिला कधीही, कारण न देता, मागे घेता यावी. गावातल्या बायकांनी बहुमतानं नको म्हटलं तर त्या गावापुरती ही सोय बंद. हे भांडं ज्या घरात बायकोला भीती वाटत नाही त्याच घरात चढावं.

राहिला पाचवा: लक्ष ठेवणार कोण? आज कोण ठेवतंय? पुण्यामुंबईतली हौशी पोरं हे काम आजही करतात, कुजबुजत, गॅलरीत पडदा लावून, शिकवणारा कुणी नसताना, एक्स्टेंशन बोर्डावर. लपवलेल्या गोष्टीची अर्थिंग कुणी तपासत नाही. नोंदणी असेल तर निदान घराचा पत्ता असेल, भांड्याचं माप असेल, वायरमनचा दाखला असेल. उत्पादन शुल्क खात्याला माणसं कमी आहेत हे मान्य. म्हणूनच त्यांनी ती झुडपातल्या पिंपांवर खर्च करावीत. महसूल बुडेल म्हणाल, तर वर्षाला माणशी शंभरेक लिटरची मर्यादा ठेवा आणि नोंदणीला शुल्क लावा. स्वतःचं लोणचं घालणाऱ्यानं लोणच्याचे कारखाने बुडवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

तेव्हा मागणी एवढीच. कलम ६५ ला एक अपवाद: स्वतःच्या घरात, स्वतःच्या वापरापुरती, ठरलेल्या मापात, नोंदणी करून, आंबवलेली बीअर. विक्री केली तर गुन्हा. गाळली तर गुन्हा. बाकी कायदा आहे तसा राहू दे, आणि हातभट्टीसाठी तो आहे त्याहून कडक केला तरी माझी तक्रार नाही.

जाता जाता एक. यंदा पालखी आली तेव्हा आमच्या अंगणात एक दिंडी उतरली होती. पावसानं सरपण भिजलेलं, गॅसची टाकी ऐन वेळी संपलेली. पुतण्यानं माळ्यावरून ते भांडं उतरवलं, घासलं, सोळा अँपिअरच्या प्लगला लावलं आणि पंचवीस लिटर पाणी चढवलं. त्या रात्री त्यात तीनदा चहा झाला. कलमाच्या भाषेत तेच उपकरण, तेच घर, तोच माणूस. हेतू तेवढा वेगळा, म्हणून गुन्हा नाही. तुम्हीही आला होतात, गुरुजी, छत्री मिटत. पुतण्यानं तुम्हाला नळ उघडून कप भरून दिला. तुम्ही भांड्याकडे पाहिलंत, कपाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "झाली म्हणायची चहाची टाकी." मग दोन घोट घेऊन म्हणालात, "पण माझा चौथा मुद्दा अजून उभा आहे."

आहे, गुरुजी. म्हणूनच अर्जावर पहिली सही बाईची मागितली आहे.